वजनाचे बूट घालून चाललं तर पाय मजबूत होतात का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ४८ वर्षांचे आहेत, वजन ७० किलो, बँकेत बैठं काम, राहायला सहकारनगरला. रोज सकाळी तळजाईवर ४ किलोमीटर चालतात, तेही गेली ३ वर्षं. तरी ऑफिसचे दोन मजले चढले की मांड्या भरून येतात आणि जमिनीवर मांडी घालून बसलं की उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो. पुढच्या आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालायची त्यांची इच्छा आहे. एका मित्राने त्यांना तळव्यात वजन घातलेले बूट सुचवले आहेत, एका पायाला एक किलो. नेहमीचंच चालणं हे घालून करायचं, म्हणजे वेगळा व्यायाम नको. हे घेऊ का, किती वजनाचे घेऊ, ऑफिसातही दिवसभर घातले तर जास्त फायदा होईल का, असं ते विचारतात. आणि शेवटी एक ओळ आहे: ७४ वर्षांच्या आईच्या पायातही ताकद उरलेली नाही, तिला चालतील का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातच २२ वर्षं काम करते आहे. हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आधी थेट उत्तर देऊन टाकते. चालण्यासाठी हे बूट घेऊ नका. तुम्हाला हवी असलेली ताकद त्यातून मिळणार नाही. आईंनी तर ते घालून एक पाऊलही टाकू नये. मात्र पायाला वजन बांधून व्यायाम करणं ही गोष्ट मुळात चुकीची नाही. आईंना मी बहुधा तेच सांगणार आहे, फक्त खुर्चीत बसवून. यात विरोधाभास वाटेल, म्हणून कारण नीट समजून घ्या.

तुमचं लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. चालताना त्रास होतो असं त्यात कुठेच नाही. ४ किलोमीटर तुम्ही आरामात चालता. तुमचं अडतं ते जिन्यावर आणि जमिनीवरून उठताना, म्हणजे स्वतःचं शरीर वर उचलावं लागतं तिथे. चालण्याचा सराव उत्तम आहे आणि उचलण्याचा सराव जवळजवळ शून्य, अशी ही स्थिती आहे. बैठं काम करणाऱ्या, पण नेमाने फिरायला जाणाऱ्या माणसांमध्ये मला हे सारखं दिसतं. ‘मी रोज चालतो, मग पाय कमजोर कसे?’ हा त्यांचा प्रामाणिक प्रश्न असतो.

आता चालताना काय होतं ते बघू. बहुतेक वेळ एक पाय जमिनीवर असतो आणि दुसरा हवेतून पुढे येत असतो. जमिनीवरचा पाय सगळं शरीर पेलतो. ते काम मांडीच्या पुढच्या भागातले स्नायू, नितंबाचे स्नायू आणि पोटरी यांचं. हवेतला पाय फक्त स्वतःला पुढे आणतो. त्यासाठी जांघेतले स्नायू पाय ओढतात, नडगीच्या पुढचा स्नायू चवडा वर धरून ठेवतो आणि शेवटी मांडीच्या मागचे स्नायू ब्रेक लावतात. पाय उचलणं आणि पायावर उभं राहणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती करणारे स्नायूही बऱ्याच अंशी वेगळे आहेत.

बुटातलं वजन यातल्या कुठल्या कामावर पडतं? ढोबळ हिशेब करून दाखवते. तुमचं वजन ७० किलो. दोन्ही बूट मिळून २ किलो वाढले, तर उभ्या पायावरचा भार ७० चा ७२ झाला. वाढ ३ टक्क्यांहूनही कमी. पोटभर जेवून आणि पाण्याची बाटली घेऊन जिना चढलात तरी जवळपास तेवढाच फरक पडतो. हवेतल्या पायाचं गणित वेगळं आहे. माणसाचा एक पाय शरीराच्या सुमारे १६ टक्के असतो, म्हणजे तुमचा साधारण ११ किलो. त्या पायाच्या अगदी टोकाला, खुब्यापासून सर्वांत लांब, तुम्ही एक किलो लावलात. लांब दांड्याच्या टोकाला वजन बांधलं की तो फिरवणं जड जातं, तसं तो पाय पुढे आणणं जवळजवळ पावपट जड होतं. म्हणजे वजनाचे बूट जांघेला आणि नडगीला दमवतात. जिना चढवणाऱ्या मांडीला आणि नितंबाला त्याची फारशी खबरही लागत नाही. पाय जड वाटतात, घाम जास्त येतो, म्हणून काहीतरी होतंय असं मनाला पटतं. होतंही, पण भलत्याच ठिकाणी.

तिथेही ताकद वाढेल असं नाही. ४ किलोमीटरमध्ये माणूस साधारण साडेपाच हजार पावलं टाकतो, म्हणजे एक पाय सुमारे २,७०० वेळा पुढे येतो. जी हालचाल सलग २,७०० वेळा करता येते, तिच्यावरचा भार ताकद वाढवण्याइतका नाही हे उघड आहे. त्याने फार तर दम वाढेल. ताकद वाढायला भार असा लागतो की आठ-दहा वेळा केल्यावर अकरावी वेळ निघणं कठीण व्हावं. आणि शरीर त्याला सरावलं की भार पुन्हा थोडा वाढवावा लागतो. बुटात हे शक्य नसतं. एक किलोचा बूट सहा महिन्यांनीही एक किलोचाच राहतो.

हे तत्त्व आमच्या व्यवसायात आलं, ते गंमत म्हणजे एका लोखंडी बुटासोबतच. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात गुडघ्याच्या आणि मांडीच्या दुखापतींचे सैनिक भरले होते. त्या काळी अशांना हलक्या वजनाने पुष्कळ वेळा व्यायाम करायला लावत आणि बरं व्हायला महिने जात. तिथले तरुण डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांना स्वतःला वजनं उचलायची सवय होती, लहानपणच्या आजारातून ते त्याच मार्गाने सावरले होते. त्यांनी उलट केलं. वजन जड, वेळा कमी, आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत न्यायचं. हे त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि पुढे १९४८ मध्ये १० वेळांचे ३ सेट ही पद्धत मांडली. आज प्रत्येक जिममध्ये जे ‘दहाचे तीन सेट’ चालतात, त्यांचं मूळ तिथे आहे. त्यांच्याकडे पावलाला बांधायचा लोखंडी बूट होता आणि त्यात चकत्या अडकवता यायच्या. आमच्या कॉलेजच्या विभागात असा एक बूट होता, पट्ट्यांचं चामडं कडक झालेलं, पण वापरात असलेला. तो बांधून पेशंट टेबलाच्या कडेला पाय सोडून बसायचा आणि गुडघा सरळ करायचा. तो घालून कोणी चालत नसे. बसून गुडघा सरळ करताना ते वजन थेट मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतं. उभं राहून चालायला लागलात की तेच वजन दुसऱ्याच स्नायूंकडे जातं. बूट तोच, पण बसून वापरला तर औषध आणि चालायला वापरला तर निव्वळ ओझं.

चालण्यात हे ओझं किती महाग पडतं हेही सांगते, कारण तुम्हाला सासवड गाठायचं आहे. पावलावर एक किलो वाहायला जेवढी शक्ती खर्च होते, तेवढ्यात पाठीवर साधारण पाच-सहा किलो वाहता येतात. धावणाऱ्यांवर अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात एक प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. धावपटूंना न सांगता त्यांच्या बुटांच्या जिभेत शिशाच्या गोळ्या शिवून ठेवल्या होत्या. एका बुटाला १०० ग्रॅम वाढले की ३ किलोमीटरच्या शर्यतीला लागणारा वेळ पाऊण टक्क्याच्या आसपास वाढत होता. १०० ग्रॅम म्हणजे बिस्किटाचा एक पुडा. म्हणून लांब चालायचं असेल तर उलटा विचार करायचा असतो: सरावात आणि प्रत्यक्षात पायातलं वजन जितकं कमी तितकं बरं.

मग वजनाचे बूट काढल्यावर पाय पिसासारखे हलके का वाटतात? बरेच जण याच अनुभवावर भुलतात. मेंदूने जास्त जोर लावायची सवय केलेली असते आणि वजन गेल्यावर तो जोर काही मिनिटं तसाच राहतो. जड बादली समजून रिकामी बादली उचलावी आणि ती झटकन वर यावी, तसं ते आहे. त्या बादलीने दंडात ताकद आली असं आपण म्हणत नाही.

आता धोक्याचं बोलते. तुमच्यासाठी तो मध्यम आहे, आईंसाठी मोठा. चालताना हवेतला पाय पुढे येतो तेव्हा चवड्याचं टोक जमिनीपासून किती वर असतं माहीत आहे? सर्वांत खालच्या क्षणी जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर. आपण सगळे जमिनीला जवळजवळ घासूनच चालत असतो. नडगीचा स्नायू दमला की ते अंतर आणखी कमी होतं. आणि आपल्या फुटपाथवर उचकटलेला पेव्हर ब्लॉक दोन सेंटिमीटरहून नक्कीच जास्त वर आलेला असतो. माझ्याकडे कोणीही चालण्याची तक्रार घेऊन आलं की मी आधी त्यांच्या चपला किंवा बूट उलटे करून बघते. टाचेच्या बाहेरच्या कडेला झीज असेल तर ठीक, बहुतेकांची तिथेच असते. पण पुढचं टोक, अंगठ्याखाली, घासून गुळगुळीत झालेलं दिसलं की मी विचारते, ‘गेल्या सहा महिन्यांत किती वेळा ठेचकाळलात?’ उत्तर सहसा ‘एक-दोनदा’ असं येतं आणि सोबत आलेली मुलगी किंवा सून मान हलवून ‘जास्त’ असं खुणावते.

सहा-सात वर्षांपूर्वी साठीतले एक निवृत्त गृहस्थ आले होते. घोट्याला दीड-दीड किलोचे पट्टे बांधून दीड महिना रोज तासभर चालत होते. तक्रार जांघेत दुखण्याची. गाडीत बसताना पाय उचलून आत घ्यायचा तर हाताने उचलावा लागे. तपासल्यावर जांघेतल्या स्नायूची दोरी सुजल्याचं लक्षात आलं आणि नडगीही पुढून दुखरी होती. मला वाईट या गोष्टीचं वाटलं की माणूस शिस्तीचा होता. एकही दिवस चुकवलेला नव्हता, वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या. तेवढ्याच शिस्तीने त्यांनी घरी बैठका मारल्या असत्या तर दीड महिन्यात फरक दिसला असता. त्यांना बरं व्हायला दोन महिने लागले.

मागे एक पेशंट तसे बूट दाखवायलाच घेऊन आल्या होत्या. मी ते हातात घेऊन वाकवून पाहिले. चांगला चालायचा बूट बोटांच्या सांध्याशी वाकतो, कारण पाऊल मागे ढकलताना टाच उचलते आणि अंगठा वाकतो. हा बूट तिथे वाकतच नव्हता, तळव्यात धातूची पट्टी होती. असा बूट घालून माणूस नकळत पाय बाहेर वळवून किंवा फेकून चालतो, आणि ती चाल गुडघ्याला मानवत नाही.

बूट घालून नुसतं चाला, बाकी काही करायला नको, असं कोणी सांगितलं तर थोडं थांबून विचार करा. वजनाचे नाहीत, पण गोल किंवा डळमळत्या तळव्याचे ‘टोनिंग’ बूट मधे जगभर खपले. चालता चालता मांड्या-नितंब घट्ट होतील असा दावा होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या दाव्यांना आधार नसल्याचं म्हणत कारवाई केली आणि २०११ मध्ये रिबॉकने अडीच कोटी डॉलर, २०१२ मध्ये स्केचर्सने चार कोटी डॉलर देऊन प्रकरणं मिटवली. या कंपन्यांचे साधे बूट वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण मेहनत बूट करतील ही कल्पना आपल्या सगळ्यांनाच मोहात पाडते, एवढं खरं.

काही गोष्टी तुम्हाला समोर पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाहीत. जमिनीवरून उठायला टेकू लागतो ते मांडीत जोर नसल्यामुळे, की गुडघा दुखतो म्हणून, की घोटा नीट वाकत नाही म्हणून? उकिडवं बसून टाचा जमिनीला टेकतात का ते आज करून बघा. टाचा उचलल्या जात असतील तर पोटऱ्या आखडल्या आहेत आणि ताकदीबरोबर ताणही हवेत. दोन्ही मांड्यांतला जोर गेल्या काही महिन्यांतच कमी झाला असेल, अंग मोडून येत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटून ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासून घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही सांगा. यांपैकी कशानेही मांड्या कमजोर होतात आणि त्यावर व्यायामाआधी दुसरा उपाय असतो. एकच पाय कमजोर असेल, कमरेतून कळ खाली जात असेल किंवा पावलात मुंग्या असतील तर माझं पुढचं काहीही करू नका, आधी तपासून घ्या. मधुमेह असेल आणि तळव्याची संवेदना कमी असेल तर जड, कडक बूट पायाला कधीच लावू नका. जखम झालेली कळतसुद्धा नाही.

यातलं काही नाही असं धरून पुढे लिहिते.

आपल्या तालमीत पैलवानांचे पाय कशाने होतात? बैठकांनी. आणि पुढे जोडीदाराला खांद्यावर घेऊन. पायात वजन बांधून फेऱ्या मारणारा पैलवान मी पाहिलेला नाही. भार वरून येतो, पाय जमिनीवर रोवलेले असतात, आणि सगळं शरीर वर ढकलावं लागतं. तुम्हालाही हेच हवं आहे, फक्त तालमीतल्या आकड्यांनी नाही.

घरातली बिनहाताची खुर्ची घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घेऊन उठा आणि तीन आकडे मोजत सावकाश बसा. धपकन बसायचं नाही, कारण खाली येताना शरीर धरून ठेवणं हाच अर्धा व्यायाम आहे. खुर्चीतून उठताना गुडघ्यांच्या वरचं सगळं शरीर उचलावं लागतं. तुमच्या बाबतीत तो भार एका पायाला सुमारे ३० किलो येतो. त्याच्या शेजारी तो एक किलोचा बूट ठेवून बघा. दहा वेळांचे तीन सेट, मधे दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. दहा वेळा सहज निघायला लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये दोन किलो तांदूळ घाला, मग चार, मग सहा. भार वाढवायची ही सोय त्या बुटात नव्हती.

दुसरा व्यायाम जिन्याच्या पायरीचा. एक पाय पायरीवर पूर्ण ठेवा आणि त्याच पायाच्या जोरावर वर या. खालच्या पायाने जमिनीला धक्का मारायचा नाही. बहुतेक जण इथे नकळत फसवतात. कळायची खूण अशी: वर येण्याआधी खालच्या पायाची बोटं बुटात वर उचलून धरा, म्हणजे ढकलताच येणार नाही. एका पायाने आठ-दहा, मग दुसऱ्याने. गुडघा आत पडू देऊ नका, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. आरशासमोर केलंत तर दिसेल.

तिसरा टाचा उचलण्याचा. भिंतीला नुसती बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण वर घ्या. निरोगी प्रौढ माणसाला २० ते २५ वेळा जमायला हवं. तुमच्या वयात बैठं काम करणारे पुष्कळ जण दहा-बारावर अडकतात. सासवडच्या वाटेवरचा दिवे घाट चढताना पोटऱ्या दगा देतात त्या याच कारणाने.

पहिले तीन-चार दिवस मांड्या दुखतील, विशेषतः दुसऱ्या दिवशी. ते स्नायूंचं दुखणं आहे, त्याला घाबरू नका. गुडघ्याच्या आत टोचणारं, सांधा सुजवणारं किंवा सांध्यातून दोन दिवसांत न जाणारं दुखणं वेगळं असतं. तसं झालं तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा म्हणजे गुडघा कमी वाकेल, आणि तरीही दुखलं तर दाखवून घ्या. सहा आठवड्यांत जिन्यावर फरक जाणवायला हवा. सुरुवातीचा फरक स्नायू फुगल्याने पडत नाही, मेंदू आहे ते स्नायू नीट कामाला लावायला शिकतो. त्यामुळे मांडीचा घेर तेवढाच राहिला म्हणून हिरमुसू नका. जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी यांचा वाटा नीट ठेवा. नुसत्या पोळी-भातावर स्नायू बनत नाहीत.

आता आई. त्यांच्या बाबतीत माझा सूर वेगळा आहे, कारण ७४ व्या वर्षी ताकद म्हणजे न पडणं. वय झालं आता कसला व्यायाम, असं घरातले म्हणतात तेव्हा मी त्यांना बोस्टनमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगते. तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. मारिया फियाटारोने यांनी वृद्धांच्या संस्थेतल्या, नव्वदीच्या घरातल्या १० जणांना आठ आठवडे मांडीसाठी चांगल्या जड वजनाचा व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होतं, तर ७४ हे काही वय नाही.

आईंना आधी मोजा. बिनहाताच्या खुर्चीत बसवा, हात छातीवर, तुम्ही शेजारी उभे राहा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहतात ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या स्त्रियांमध्ये १० ते १५ हा नेहमीचा आकडा आहे. दहाच्या खाली असेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजा. हाताच्या आधाराशिवाय एकदाही उठता येत नसेल तर खुर्चीच्या उठबशीने सुरुवात होणारच नाही, आणि इथे वजनाचा पट्टा खरा उपयोगी पडतो.

औषधांच्या मोठ्या दुकानात वेट कफ मिळतो, अर्ध्या किलोपासून पुढे. त्यांना पाठ टेकून खुर्चीत बसवा. कफ घोट्याच्या जरा वर बांधा, हाडावर रुतणार नाही असा. गुडघा सावकाश सरळ करायचा, दोन आकडे धरायचा, सावकाश खाली. दहा वेळा. दहा सहज झाले की अर्ध्याचा एक किलो, एकाचा दीड. गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल तर वजन लावून शेवटपर्यंत सरळ करू देऊ नका, कारण त्या शेवटच्या टप्प्यात वाटीवर दाब वाढतो. दुखत नाही तेवढंच करायचं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने वृद्धांसाठी घरी करायचा जो व्यायामक्रम तयार केला, त्यात घोट्याचे असेच पट्टे आहेत, सोबत तोल सांभाळायचे व्यायाम आणि चालणं. त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. एक नियम मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा: कफ काढल्याशिवाय आई उठणार नाहीत. दाराची बेल वाजली तरी नाही. मी नवी असताना एका आजोबांना कफ बांधून बसवलं आणि शेजारच्या पेशंटकडे वळले. तेवढ्यात फोन वाजला म्हणून ते तसेच उठले आणि टेबलाच्या पायाला पाय अडकला. हात टेकल्यामुळे मनगटावर निभावलं. तेव्हापासून कफ बांधलेल्या माणसाच्या शेजारून मी हलत नाही.

आणि सासवड. पालखीचा तो टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा, सगळ्यांत लांब टप्प्यांपैकी एक, आणि दिवे घाट येतो तो पाय आधीच थकलेले असताना. आषाढीला पुष्कळ महिने आहेत, ते पुरेसे आहेत. आठवड्याचे तीन दिवस वर सांगितलेले व्यायाम करा. तळजाई चालू ठेवा, आणि दर रविवारी अंतर थोडं थोडं वाढवत न्या: ६, ८, १०, असं करत वारीच्या तीन आठवडे आधी एकदा २० ते २२ किलोमीटर. पर्वती तुमच्या घराजवळच आहे. तिच्या १०३ पायऱ्या सुरुवातीला एकदा चढा, दोन महिन्यांनी सलग तीनदा. उतरताना घाई करू नका, मांड्यांचा खरा कस उतरतानाच लागतो आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं बहुतेक तिथूनच येतं. जे हलके, बोटांशी वाकणारे बूट घालून वारीत चालणार, तेच शेवटचे दोन महिने सरावात वापरा. वारीसाठी नवी जोडी काढू नका. तो पावसाचा महिना असतो, त्यामुळे भिजलेल्या मोज्यांत चालल्यावर पाय कुठे सोलतो हे एखाद्या पावसाळी रविवारी आधीच कळलेलं बरं. पिशवीत कोरड्या मोज्यांचे दोन जोड ठेवा.

वजनाचे बूट तुम्ही घेऊन टाकले असतील आणि परत होत नसतील तर फेकू नका. खुर्चीत बसून गुडघा सरळ करायला ते आईंच्या कफसारखे तुम्हाला वापरता येतील. पुरेसे जड नाहीत, पण सुरुवातीचे दोन आठवडे चालतील.

आज संध्याकाळी दोन गोष्टी करून बघा: ३० सेकंदांत तुमच्या आणि आईंच्या किती उठबशा होतात, आणि एका पायावर टाच किती वेळा उचलली जाते. ते आकडे आणि आईंच्या चपलेचं पुढचं टोक झिजलंय का, एवढं मला कळवलंत तर त्यांना अर्ध्या किलोने सुरू करायचं की नुसत्या पायाने, हे नेमकं सांगू शकेन.